हवाई रायफलच्या छऱ्याचा वेग कमी दिसतो आहे: रायफल उघडावी की आधी आणखी काही तपासावे?

नेमबाजाची_आई (इंदूर)

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी १५ वर्षांची असून गेली तीन वर्षे १० मीटर हवाई रायफलचा सराव करते आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही तिच्यासाठी दाबाच्या हवेच्या सिलिंडरवर चालणारी, रेग्युलेटर (हवेचा दाब एकसारखा ठेवणारा भाग) असलेली परदेशी बनावटीची रायफल एका ज्येष्ठ नेमबाजाकडून विकत घेतली. व्यवहाराच्या वेळी त्यांनी क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजायच्या यंत्रावर, दहा छर्रे झाडून दाखवले होते आणि सरासरी वेग सेकंदाला १७१ मीटर आला होता. तो कागद मी जपून ठेवला आहे.

गेल्या महिन्यापासून मुलीचे नेम खाली पडू लागले. दहाच्या ऐवजी नऊ, क्वचित आठ, आणि तेही बहुतेक घड्याळातल्या सहाच्या दिशेने. प्रशिक्षकांना आधी तिच्या श्वासाची शंका आली. परवा क्लबमध्ये क्रोनोग्राफ मिळाला म्हणून दहा छर्रे मोजले, तर सरासरी १५८ आली. सर्वांत कमी १५१ आणि सर्वांत जास्त १६३. छर्रे नेहमीचेच आहेत, ०.५३ ग्रॅमचे, डोके ४.५० मिलिमीटर.

सेकंदाला १३ मीटरची घट ही थोडीथोडकी नव्हे. एका ओळखीच्या गृहस्थांनी रायफल उघडून आतला, वेग कमीजास्त करायचा स्क्रू थोडा आवळायला सांगितले आहे. पुढच्या महिन्यात विभागीय स्पर्धा असल्यामुळे हात लावायची भीती वाटते. ज्यांनी असा प्रसंग अनुभवला आहे त्यांनी कृपया मार्ग सुचवावा.

ग्वाल्हेरचा_पालक

ताई, आमच्या मुलाच्या रायफलचे असेच झाले होते. वेगाचा स्क्रू अर्धा फेरा आवळला आणि वेग परत आला. दहा मिनिटांचे काम आहे, घाबरण्यासारखे त्यात काही नाही.

पीथमपूर_वायुविद्या

ग्वाल्हेरच्या दादांशी मी आदरपूर्वक असहमत आहे. माझे आयुष्य कारखान्यातल्या दाबाच्या हवेच्या यंत्रांवर गेले. जी रायफल कालपर्यंत १७१ देत होती ती कोणीही स्क्रूला हात न लावता १५८ देऊ लागली असेल, तर स्क्रू जागेवरच आहे आणि दुसरे काहीतरी बदलले आहे. अशा वेळी स्क्रू आवळला तर हातोडी झडपेवर अधिक जोराने आपटते, झडप थोडी अधिक वेळ उघडी राहते आणि आकडा वर चढतो, पण मूळ गळती तशीच राहते. काही आठवड्यांनी ती वाढते, मग पुन्हा स्क्रू. शेवटी कोणी खरा दोष दुरुस्त केला की रायफल एकदम जास्त वेग देऊ लागते आणि मूळची जुळणी कुणालाच आठवत नाही.

ताई, तीन गोष्टी सांगाव्यात. दोन वर्षांपूर्वीचा आणि परवाचा क्रोनोग्राफ एकच होता का? मोजताना सिलिंडरच्या गेजवर किती बार (हवेच्या दाबाचे एकक) होते? आणि छऱ्यांचा डबा नवा होता की जुना?

नेमबाजाची_आई (इंदूर)

काका, क्रोनोग्राफ वेगवेगळे होते. पहिला विक्रेत्यांचा, परवाचा क्लबचा. गेजवर साधारण ११० बार होते. आम्ही क्लबच्या मोठ्या टाकीवरून २०० पर्यंत भरून घेतो. डबा अर्धा वापरलेला होता. आणखी एक सांगायचे राहिले: परवाची मोजणी संध्याकाळी, हॉलमध्ये ट्यूबलाइटच्या उजेडात झाली.

विश्वामित्री_काठ (बडोदे)

ताईंच्या शेवटच्या वाक्यावर मी थांबलो. मी विजेच्या मोजमापांच्या क्षेत्रात काम करतो आणि बडोद्यात हौस म्हणून नेमबाजी करतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

साधा क्रोनोग्राफ छऱ्याचा वेग मोजत नाही, तो वेळ मोजतो. समोरासमोर दोन प्रकाशसंवेदक असतात, समजा ३० सेंटिमीटर अंतरावर. छऱ्याची सावली पहिल्यावर पडली की घड्याळ सुरू होते, दुसऱ्यावर पडली की थांबते. १७० च्या वेगाने हे अंतर कापायला सुमारे १.७६ मिलिसेकंद लागतात. या चिमूटभर वेळेत जी गडबड होईल ती सगळी आकड्यात उतरते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे जुनी, पट्टीच्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. डोळ्याला ते कळत नाही, पण संवेदकाला कळते. प्रकाश उतरता असताना सावली आली तर एक संवेदक लवकर जागा होतो आणि दुसरा उशिरा, आणि वाचन एकदा वर तर एकदा खाली उडते. ताईंच्या १५१ ते १६३ या पसाऱ्यातला काही भाग तरी इथून आला असण्याची शक्यता मला मोठी वाटते.

दुसरी गोष्ट तिरपेपणाची. नळी आणि क्रोनोग्राफ एका रेषेत नसतील तर छर्रा तिरपा, म्हणजे लांबचा रस्ता कापतो आणि यंत्राला तो हळू आल्यासारखा वाटतो. दहा अंशांचा तिरपेपणा असेल तर दीड टक्का वेग कमी दिसतो, म्हणजे १७० चे सुमारे १६७.४ दिसतात. घडीच्या क्रोनोग्राफचा सांधा ढिला असेल आणि ३० सेंटिमीटरमध्ये ३ मिलिमीटरचा फरक पडला असेल, तर तिथेच एक टक्का गेला. नळीच्या तोंडापासून यंत्र किती लांब ठेवले होते हेही महत्त्वाचे आहे, कारण चपट्या डोक्याचा छर्रा हवेत फार झपाट्याने वेग गमावतो. मात्र यंत्र अगदी नळीला चिकटवूही नये. छऱ्यापुढे आणि मागे निघणारा हवेचा झोत पहिल्या संवेदकाला फसवतो. निदान हातभर अंतर असावे आणि ते दर वेळी सुतळीने मोजून तेच ठेवावे.

म्हणून माझी विनंती अशी की रायफलवर आरोप करण्याआधी साक्षीदाराची उलटतपासणी करावी. क्लबमधल्या एखाद्या सुस्थितीतल्या रायफलचा वेग ठाऊक असेल तर ती रायफल आणि मुलीची रायफल, दोन्ही एकामागून एक, त्याच यंत्रावर, सकाळच्या उजेडात मोजा. फरक दोन्हींत सारखा दिसला तर दोष यंत्राचा, एकीतच दिसला तर दोष तिचा.

सराफ्याजवळ

ही पद्धत उत्तम आहे. पण सकाळी नऊच्या आत उरकावे लागेल, मे महिन्यात इंदुरात त्यानंतर ऊन सहन होत नाही.

ग्वाल्हेरचा_पालक

पीथमपूरच्या काकांचे म्हणणे वाचून मी थोडा अस्वस्थ झालो, कारण आमच्या रायफलचा वेग गेल्या वर्षात दोनदा उतरला आहे आणि दोन्ही वेळा आम्ही स्क्रूच आवळला. तरी एक विचारतो. वेग कमी झाला म्हणून इतके का घाबरायचे? दृष्टी-यंत्रणा (नेम धरायची यंत्रणा) दोन टिचक्या वर केली की काम भागते.

पीथमपूर_वायुविद्या

प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर कागदावर काढता येते. हवेचा विरोध क्षणभर बाजूला ठेवू. १७० च्या वेगाने छर्रा १० मीटर जायला ०.०५८८ सेकंद घेतो आणि तेवढ्या वेळात गुरुत्वामुळे सुमारे १७ मिलिमीटर खाली येतो. वेग १६० झाला तर तो सुमारे १९.२ मिलिमीटर खाली येतो. फरक २.२ मिलिमीटर. हवाई रायफलच्या लक्ष्यात दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा आणि एका वर्तुळापासून पुढचे वर्तुळ २.५ मिलिमीटरवर. म्हणजे १० मीटरची घट जवळजवळ एक पूर्ण गुण खाली नेते. दादा, ही घट रोज तेवढीच असेल तर तुमचे म्हणणे अगदी बरोबर आहे, टिचक्यांनी ती भरून निघते.

पण वेग प्रत्येक छऱ्याला वेगळा असेल तर टिचक्या कुठे द्यायच्या? २ मीटरच्या फरकाने छर्रा सुमारे ०.४ मिलिमीटर सरकतो, म्हणजे दशांश गुणांत दीड ते दोन दशांश. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे आशियाई स्पर्धेत आपल्या खरगोन जिल्ह्यातल्या ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर, रुद्रांक्ष पाटील आणि दिव्यांश पंवार यांनी सांघिक सुवर्ण मिळवताना १८९३.७ गुण केले होते. ते तिघांचे मिळून १८० नेम, म्हणजे प्रत्येक नेम सरासरी १०.५ च्या वर. त्या पातळीकडे जाऊ पाहणाऱ्या मुलीच्या रायफलमध्ये १२ मीटरचा पसारा असेल, तर तिने कितीही साधना केली तरी कागद तिला खोटे पाडत राहील. म्हणून १५८ या सरासरीपेक्षा मला १५१ आणि १६३ यांमधल्या दरीची काळजी अधिक वाटते.

नर्मदाकिनारी

काका, हे गणित मी मुलाच्या वहीत उतरवून घेतले. मनापासून आभार.

निवृत्त_शस्त्रसाज (महू)

मी लष्करात शस्त्रदुरुस्तीचे काम करून निवृत्त झालो आणि महूलाच स्थायिक झालो. हवाई रायफल हा माझा मूळ विषय नव्हे, पण 'वेग कमी का' हा प्रश्न मी मोठ्या नळ्यांच्या बाबतीत अनेकदा ऐकला आहे. त्याचा तर्क इथेही लागू पडतो म्हणून लिहितो.

परदेशांत हौशी नेमबाज मोठ्या व्यासाच्या रायफलींची काडतुसे स्वतः भरतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळा तयार करायला परवाना लागतो, त्यामुळे तो घरी करण्याचा विषय नाही, हे तरुण वाचकांनी लक्षात घ्यावे. त्या लोकांची नेहमीची तक्रार अशी की पुस्तकात दिलेला वेग आमच्या रायफलमधून येत नाही. कारणे पाहिली तर पहिले कारण बहुधा हेच निघते की पुस्तकातली नळी लांब चाचणी-नळी होती आणि यांची नळी चार बोटे आखूड आहे. दुसरे कारण तापमान. जुनी कॉर्डाइट दारू उष्णतेला इतकी संवेदनशील होती की हिंदुस्थान आणि आफ्रिकेत पाठवायच्या शिकारी काडतुसांत विलायती बंदूककार ती मुद्दाम थोडी कमी भरत, कारण इथल्या उन्हात दाब वाढत असे. तेच काडतूस विलायतेच्या थंडीत झाडले तर वेग कमी भरणारच. यात दोष कोणाचाच नाही, हवामान बदलले आहे.

तिसरे कारण मात्र खऱ्या दोषाचे. १९५६ मध्ये आलेल्या .४५८ विंचेस्टर मॅग्नम या हत्ती-गव्यांसाठीच्या काडतुसाचे उदाहरण शस्त्रांच्या जगात प्रसिद्ध आहे. नेहमीच्या लांबीच्या यंत्रणेत बसावे म्हणून त्याचे कोश आखूड, अडीच इंचांचे ठेवले आणि जड गोळीला हवा तेवढा वेग मिळावा म्हणून दारू दाबून भरली. काही काळ पडून राहिल्यावर दाबलेल्या दारूचे ढेकूळ होई, ती पुरती पेटत नसे आणि जाहीर केलेल्या वेगापेक्षा गोळी बरीच मंद निघे. समोर गवा असताना हे किती महागात पडू शकते ते सांगायला नको. पुढे .४५८ लॉट हे लांब कोशाचे काडतूस निघाले, त्यामागे हाच अनुभव होता.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ताई, आपल्या रायफलमध्ये दारू नाही, हवा आहे. पण प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत: मोजणारे यंत्र तेच आहे का, परिस्थिती तीच आहे का, माल तोच आहे का, आणि ही तिन्ही उत्तरे मिळाल्यावरच शस्त्र. आमच्याकडे तक्रारीचे शस्त्र आले की पहिली गोष्ट उघडली जायची ती वही. मुलीच्या रायफलची वही नसेल तर आजच घाला.

शिवाजीनगर_पुणे

मला एक जुना अनुभव सांगावासा वाटतो. माझ्याकडे पूर्वी स्प्रिंगची, म्हणजे नळी मोडून भरायची देशी रायफल होती. मी तिच्या दट्ट्यात तेल सोडले आणि वेग इतका वाढला की मला आनंदच झाला. आठवड्याभरात तो उतरला, मग पुन्हा तेल. नंतर कळले की दट्ट्याच्या दाबाने आणि उष्णतेने तेलाची वाफ पेटत होती आणि तो वाढीव वेग छोट्या स्फोटांचा होता. वॉशर त्यातच जळून गेला. 'कमी झालेला' वेग हाच तिचा खरा वेग होता.

पीथमपूर_वायुविद्या

पुण्याच्या बंधूंनी फार महत्त्वाची गोष्ट सांगितली. सिलिंडरच्या रायफलीत तर खनिज तेल कधीही, एक थेंबही जाऊ देऊ नये. २०० बारच्या हवेत तेल म्हणजे पेटण्याची वाट पाहणारे इंधन. ओ-रिंगला (सांध्यातून हवा निसटू न देणाऱ्या रबरी कड्याला) फक्त सिलिकॉन ग्रीस, तेही बोटावर चकाकी येईल एवढेच.

नेमबाजाची_आई (इंदूर)

आपण सगळ्यांनी इतका वेळ दिलात याबद्दल मी ऋणी आहे. काल रविवारी सकाळी साडेसातला आम्ही क्लबच्या व्हरांड्यात मोजणी केली. मुलीच्या मैत्रिणीची रायफल गेल्याच महिन्यात तपासून आली आहे आणि तिच्या कागदावर वेग १७० लिहिलेला आहे. बडोद्याच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे नळीपासूनचे अंतर सुतळीने एकच ठेवले आणि दोन्ही रायफली टेबलावर वाळूच्या पिशवीवर टेकवल्या.

मैत्रिणीची रायफल ट्यूबलाइटखाली: सरासरी १६५, पसारा ९. तीच व्हरांड्यात: सरासरी १६९, पसारा ३.

आमची ट्यूबलाइटखाली: सरासरी १५९, पसारा १३. व्हरांड्यात: सरासरी १६३, पसारा ८.

म्हणजे चारेक मीटर उजेडाने खाल्ले होते. पण उरलेले सहा-सात मीटर आमच्या रायफलीचेच आहेत, आणि पसाराही.

विश्वामित्री_काठ (बडोदे)

इतक्या शिस्तीने केलेली मोजणी वाचून समाधान वाटले. आता माझा विषय संपला, पुढचा पीथमपूरच्या काकांचा.

राजवाडा_जवळचा

छऱ्यांकडेही पाहावे. छऱ्याचा मागचा घेर इतका पातळ असतो की डबा पडला किंवा दुचाकीच्या डिकीत हादरे खात फिरला तरी त्याला पोचे येतात, आणि पोचलेल्या घेरातून हवा निसटते. डब्यातला एकेक छर्रा पांढऱ्या कागदावर उभा करून पाहिला की वाकडा लगेच ओळखू येतो.

ग्वाल्हेरचा_पालक

मला आणखी एक शंका आहे. आमच्या क्लबमध्ये काहींचे म्हणणे असे की सिलिंडर कमी भरल्यामुळे वेग कमी येतो, म्हणून ते २०० च्याही वर भरून घेतात. ताईंच्या गेजवर ११० होते. ते कारण असू शकेल का?

पीथमपूर_वायुविद्या

२०० च्या वर भरणे धोक्याचे आहे, दादा. सिलिंडरवर जो आकडा कोरला आहे त्याच्या वर एक बारही जाऊ नये. कृपया आपल्या क्लबमध्ये हे स्पष्ट शब्दांत सांगा.

शिवाय त्याचा उपयोगही नाही. रेग्युलेटर असलेल्या रायफलीत सिलिंडरचा दाब १९० असो वा ११०, रेग्युलेटर तो एका ठरलेल्या खालच्या दाबावर आणून झडपेमागच्या छोट्या कोठीत देतो. सिलिंडर त्या ठरलेल्या दाबाच्या खाली जाईपर्यंत वेग हलत नाही. ११० ला वेग पडण्याचे कारण नाही. उलट ज्या जुन्या रायफलींत रेग्युलेटरच नसतो त्यांत फार भरले तर वेग कमी होतो, कारण आतला दाब झडपेला इतक्या जोराने बंद धरतो की हातोडीच्या ठोक्याने ती पुरती उघडत नाही. काही छर्रे झाडून दाब उतरला की वेग वाढतो, मग पुन्हा उतरतो.

गेजबद्दल आणखी एक. इंदुरात गाडीत ४२ अंशांवर २०० बार दाखवणारे सिलिंडर २४ अंशांच्या वातानुकूलित हॉलमध्ये आणून ठेवले की गेज १८८ च्या आसपास येते. हवा कुठेही गळलेली नसते, ती थंड झालेली असते. घाईने भरले तरी हेच होते. एका पालकाने असे गेज उतरलेले पाहून नवे सिलिंडर विकत घेतलेले मी पाहिले आहे.

ताई, आता दोन चाचण्या करा. पहिली अशी: पातळ टिश्यू पेपरची बोटभर पट्टी घ्या, रायफल भरून बंद करा आणि नळीच्या मागच्या बाजूला, जिथे छर्रा ठेवतो त्या सांध्यावर ती पट्टी नुसती टेकवून छर्रा झाडा. पट्टी फडफडली तर तिथली ओ-रिंग हवा सोडते आहे. अर्थात रायफल लक्ष्याकडेच रोखलेली असावी आणि पट्टी दुसऱ्या माणसाने मागून टेकवावी. दुसरी चाचणी रेग्युलेटरची: दहा छर्रे दर मिनिटाला एक आणि दहा छर्रे दहा-दहा सेकंदांनी झाडून वेग लिहा. भराभर झाडताना वेग पडला तर रेग्युलेटर कोठी वेळेत भरत नाही. रायफल दहा मिनिटे भरलेली ठेवल्यावर पहिलाच छर्रा इतरांपेक्षा जोरात गेला तर रेग्युलेटर पूर्ण बंद होत नाही आणि कोठीतला दाब हळूहळू वर सरकतो आहे.

निवृत्त_शस्त्रसाज (महू)

चाचणी करण्याआधी सिलिंडरवर कोरलेली तारीखही पाहून घ्या, ताई. रायफल जुनी घेतली आहे. अशा सिलिंडरांना उत्पादकांनी १० वर्षांचे आयुष्य दिलेले असते आणि मोठ्या स्पर्धेच्या तपासणीत ती तारीख पाहतात. वेग कितीही उत्तम असला तरी मुदत संपलेले सिलिंडर मुलीच्या गालाजवळ नको.

नेमबाजाची_आई (इंदूर)

काका, ही आठवण केलीत ते फार बरे झाले. तारीख पाहिली, अजून तीन वर्षे आहेत. हे मी दोन वर्षांपूर्वीच पाहायला हवे होते.

टिश्यूची चाचणी काल रात्री केली. पहिल्याच छऱ्याला पट्टी टाचणीने टोचल्यासारखी उडाली. मैत्रिणीच्या रायफलीवर तीच पट्टी हललीसुद्धा नाही. आमच्या सासऱ्यांचे घड्याळदुरुस्तीचे भिंग घरात आहे, त्यातून सांध्याची ओ-रिंग पाहिली. काळ्या कड्यावर एका जागी नखाने कुरतडल्यासारखी खाच होती, आणि बाकीचे कडे एका बाजूने चपटे झाले होते. मुलगी म्हणाली की मागे एकदा छर्रा नीट आत न बसताच तिने दट्ट्या जोराने पुढे ढकलला होता. तेव्हाच खाच पडली असावी.

सुदामानगरची_ताई

माझ्या मुलीकडूनही असेच झाले होते. लहान बोटांना छर्रा बसल्याची जाणीव यायला वेळ लागतो. तिला रागावू नका.

नेमबाजाची_आई (इंदूर)

मुळीच रागावले नाही. तिनेच भिंग हातात घेऊन खाच शोधली.

रायफलीबरोबर आलेल्या सुट्या भागांच्या पाकिटात तीच ओ-रिंग होती. जुनी काढताना लोखंडी सुई न वापरता दात कोरायची लाकडी काडी वापरली, म्हणजे खोबणीला ओरखडा पडणार नाही. सिलिकॉन ग्रीसचा हलका हात दिला. स्क्रूला हात लावला नाही. आज सकाळी व्हरांड्यात सरासरी १६८ आली आणि पसारा ४.

रेग्युलेटरची चाचणीही केली. दर मिनिटाला आणि दहा सेकंदांनी झाडलेल्या छऱ्यांत फरक नाही. पण रायफल दहा मिनिटे भरून ठेवल्यावर पहिला छर्रा तीनही वेळा १७३ च्या आसपास गेला, दुसऱ्यापासून १६८.

पीथमपूर_वायुविद्या

तर मग रेग्युलेटर किंचित सरकतो आहे. हे घरी उघडायचे काम नव्हे. त्यातली बैठक, म्हणजे झडप जिथे टेकून बंद होते ती जागा, केसाएवढ्या धुळीच्या कणानेही बिघडते, आणि दाब न सोडता उघडले तर भाग गोळीसारखा उडतो. स्पर्धेला महिना आहे, तर आजच अधिकृत दुरुस्ती केंद्राकडे पाठवा. तोपर्यंत सरावात मोठी विश्रांती झाली की पहिला छर्रा गुणात न धरता झाडायला सांगा. टाकीवरची हवा कोरडी करणारी गाळणी क्लबने शेवटची कधी बदलली तेही विचारा. आतमध्ये ओल गेली असेल तर नवी बैठकही फार टिकणार नाही.

ग्वाल्हेरचा_पालक

मी आज आमच्या रायफलीवर टिश्यू लावून पाहिला. पट्टी हलली. स्क्रू मूळ जागी आणायचा आहे, पण मूळ जागा कोणती हे आता आमच्याकडे कुठेच लिहिलेले नाही. काका, यावर काही उपाय आहे का?

पीथमपूर_वायुविद्या

आहे. आधी ओ-रिंग बदला, स्क्रू आहे तिथेच राहू द्या आणि वेग मोजा. तो पूर्वीपेक्षा जास्त येईल. मग दर वेळी पाव फेरा सैल करत दहा-दहा छर्रे मोजा आणि वेग खरेदीच्या वेळच्या कागदाइतका झाला की थांबा. प्रत्येक पाव फेऱ्याची नोंद करा. जास्त वेग तसाच ठेवावा असा मोह होईल, पण १० मीटरवर त्याचा फायदा काही नाही. रायफल अधिक हलते, हवा लवकर संपते. आपल्याकडे २० ज्यूलपर्यंत शक्तीची आणि ४.५ मिलिमीटर व्यासाची हवाई रायफल परवान्याविना चालते, आणि ०.५३ ग्रॅमचा छर्रा ती मर्यादा गाठायला सेकंदाला सुमारे २७५ मीटर वेगाने जावा लागेल. १७० ला तो साडेसात ज्यूलच्या जवळपास असतो. सामन्याची रायफल त्याच कामासाठी जुळवलेली असते.

नेमबाजाची_आई (इंदूर)

अठरा दिवसांनी लिहिते आहे. रायफल काल दुरुस्त होऊन आली. रेग्युलेटरची बैठक बदलली आणि बाकीच्या ओ-रिंगही बदलल्या. त्यांच्या कागदावर सरासरी १७० आहे. आमच्या व्हरांड्यात, त्याच सुतळीच्या अंतरावर, १६९ आली आणि पसारा ३. दहा मिनिटांनंतरचा पहिला छर्रा १७०. क्लबच्या गाळणीतला मालही बदलला गेला. जुना भिजून पिठासारखा झाला होता.

काल संध्याकाळी मुलीने ४० नेम घेतले. खाली जाणारे नऊ दिसले नाहीत. दोन आठ उजवीकडे गेले, ते तिचे स्वतःचे आहेत असे तिनेच वहीत लिहिले.

राजवाडा_जवळचा

ताई, त्या ओ-रिंगचे माप इथे द्याल का? आमच्या क्लबमध्ये दोघांना हवे आहे.

नेमबाजाची_आई (इंदूर)

देता आले असते, पण प्रत्येक मॉडेलचे माप वेगळे असते आणि थोडी जाड रिंग बसवली तर सांधा नीट मिटत नाही. आपापल्या रायफलच्या पुस्तिकेतल्या भागांच्या चित्रात क्रमांक असतो, तोच मागवावा. पुस्तिका नसेल तर मॉडेलचे नाव सांगा, मी मुलीकडून शोधून घेते.